दुधाच्या दातात काय साठतं?



लेकराचा पहिला दुधाचा दात पडला की आपण काय करतो? कुणी कौलावर फेकतं, कुणी उंदराच्या बिळात टाकतं, उंदरासारखे बारीक, पांढरे दात येऊ देत म्हणून. आता कौलं गेली, स्लॅब आले, तरी दात वर फेकायची रीत काही सुटली नाही. पण अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन नावाचा बालरोगतज्ज्ञ होऊन गेला. त्यानं शाळेतल्या पोरांचे हे पडलेले दात मागून घेतले, प्रयोगशाळेत तपासले आणि त्यातून जे निघालं त्यानं मुलांच्या आरोग्याचा विचारच बदलला. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत, कारण ती फिरून आपल्या हळदीच्या डब्यापर्यंत येते.

आधी एक शब्द समजून घेऊ. द्राक्षाला, डाळिंबाला आपण सूक्ष्म अन्नद्रव्यं देतो ना, जस्त, लोह, बोरॉन? माणसाच्या शरीरालाही तशीच लागतात. लोह, जस्त, तांबं, आयोडीन ही लागतात चिमूटभरसुद्धा नाही, पण नसली की पोर खुरटतं. शिसं मात्र या यादीत नाही. शरीराला शिशाचा काडीचाही उपयोग नाही. (शिसपेन्सिलीत शिसं नसतं बरं का. ते ग्रॅफाइट. नाव तेवढं राहिलं आहे. पोरानं पेन्सिल चावली म्हणून घाबरू नका, फार तर पेन्सिलीसाठी ओरडा.)

मग शिसं अंगात जातं कसं? ते कॅल्शियमचं सोंग घेतं. शरीराला वाटतं कॅल्शियमच आलं, म्हणून ते हाडात आणि दातात नेऊन ठेवतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडातलं वर्षानुवर्षं राहतं. दुधाचे दात पोटातच, चौथ्या महिन्याच्या सुमाराला घडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. म्हणजे पडलेला दात ही त्या पोराच्या पहिल्या सहा-सात वर्षांची खातेवहीच. आजच्या रक्ताच्या तपासणीतून दोन वर्षांपूर्वी काय झालं ते कळत नाही, दातातून कळतं.

नीडलमनच्या आधी बऱ्याच डॉक्टरांना काळजी असे ती एवढीच, की शिसं भरपूर पोटात गेलं तर पोर झटके येऊन दगावतं. थोडं शिसं गेलं, पोर खेळतंय, जेवतंय, मग काळजी कशाला? नीडलमनला हेच पटत नव्हतं. बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या दोन गावांत पहिली-दुसरीच्या वर्गात ३,३२९ मुलं होती. त्यांतल्या २,३३५ मुलांनी आपले पडलेले दात दिले. ही सगळी वरून ठणठणीत मुलं होती. ज्यांच्या दातात शिसं सर्वांत जास्त होतं आणि ज्यांच्यात सर्वांत कमी, अशा १५८ मुलांच्या सविस्तर चाचण्या घेतल्या.

इथं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण असल्या अभ्यासाची खरी परीक्षा इथंच असते. शिसं बहुतेक वेळा गरिबाच्याच घरात जास्त असतं. आणि गरिबाचं पोर अभ्यासात मागं पडायला दुसरीही शंभर कारणं असतात. आई शिकलेली नाही, घरात पुस्तक नाही, पोटभर जेवण नाही. मग दोष शिशाला द्यायचा की गरिबीला? नीडलमननं आईचं शिक्षण, आईची बुद्धिमत्ता, घरची परिस्थिती, जन्माचं वजन अशा कितीतरी गोष्टींची नोंद घेतली आणि त्यांचा परिणाम वेगळा काढून पाहिला. शिवाय चाचणी घेणाऱ्यांना कुठल्या मुलाच्या दातात किती शिसं आहे ते सांगितलेलंच नव्हतं, म्हणजे मनात अढी ठेवून गुण द्यायचा प्रश्नच नाही. एवढं करूनही फरक राहिला. जास्त शिसं असलेली मुलं बुद्धिमत्तेच्या चाचणीत सरासरी चार-साडेचार गुणांनी मागं होती. ऐकलेलं लक्षात ठेवण्यात, लक्ष एका जागी ठेवण्यात कमी पडत होती. शिक्षकांनाही दातांचं काही माहीत नव्हतं, पण दातात शिसं जेवढं जास्त, तेवढं 'लक्ष नाही, सांगितलेलं ऐकत नाही, हातातलं काम सोडून देतो' असं शिक्षकांनी लिहिलेलं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. हा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला.

चार गुण म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. एका पोरात ते दिसतही नाही. आई म्हणते, 'जरा धांदरट आहे.' पण अख्ख्या गावाची पोरं चार-चार गुणांनी खाली सरकली, तर काठावरची कितीतरी पोरं नापासाच्या बाजूला पडतात. अकरा वर्षांनी नीडलमननं त्यांतल्याच १३२ जणांना पुन्हा गाठलं. दातात जास्त शिसं असलेल्यांमध्ये शालेय शिक्षण पुरं न होण्याची शक्यता सातपट होती, तर वाचायला अडचण येण्याची सहापट. शिसं अंगातून उतरलं, नुकसान उतरलं नाही.

या माणसाला त्याची किंमतही मोजावी लागली. शिशाच्या उद्योगाच्या बाजूनं साक्ष दिलेल्या तज्ज्ञांनी त्याच्यावर आकडे फिरवल्याचा आरोप केला. विद्यापीठानं चौकशी बसवली. त्यानं ती उघड, सगळ्यांसमोर व्हावी असा आग्रह धरला आणि लबाडीच्या आरोपातून तो सुटला. २०१७ साली तो वारला, तोवर पेट्रोलमधून, घराच्या रंगातून शिसं काढण्याचे कायदे देशोदेशी झालेले होते.

आपल्याकडेही हे काम झालंय. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात मुंबईकरांचे दात तपासून शिसं मोजलं होतं. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घालत. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, आणि नंतर मुंबईतल्या मुलांचं रक्त तपासलं तेव्हा जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. कुणाला गोळी दिली नाही, सुई टोचली नाही. फक्त शिसं येण्याची वाट बंद केली.

आता हळदीकडे येऊ.

बांगलादेशात खेड्यातल्या गरोदर बायांच्या रक्तात शिसं सापडलं. जवळ कारखाना नाही, वाहनांची गर्दी नाही. शोधता शोधता संशोधक पोचले हळदीपर्यंत. तिथं १९८०च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजून काळवंडली. काळपट हळकुंड कोण घेणार? म्हणून पॉलिश करताना पिवळा रंग लावायला सुरुवात झाली. तो रंग म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचा पिवळा रंग. पूर ओसरला, सवय राहिली, कारण गिऱ्हाइकाला पिवळीधमक हळद आवडायला लागली होती. २०१९ साली हा अभ्यास बाहेर आला. सरकारनं बाजारावर छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केला, वर्तमानपत्रांतून, पत्रकं वाटून लोकांना सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. दोन वर्षांत! सरकारनं मनावर घेतलं की काय होतं, ते बघा.

भारतातही तपासणी झाली. आपल्या कायद्यानं एक किलो हळदीत शिसं १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाटण्यातल्या काही नमुन्यांत ते हजाराच्या पुढे निघालं.

आपण सांगली जिल्ह्यातल्या बाया. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांची कीर्ती आजीच्या तोंडून ऐकलेली. आपल्याला हळद ओळखायला कुणी शिकवायला नको. पण खरं सांगायचं तर विट्याच्या बाजारात आपण गटाचा मसाला घेऊन बसतो तेव्हा आम्हीही हेच ऐकतो, 'ताई, ह्या हळदीला रंग नाही.' आणि शेजारची पिवळीजर्द पुडी खपते. मग गटातली एखादी म्हणतेच, रंगाचं काहीतरी बघायला पाहिजे. तिचं चुकतं असं नाही, कर्जाचा हप्ता तिलाही भरायचा असतो. पण तो रंग कशाचा हे दुकानदार सांगत नाही. आणि लेड क्रोमेट डोळ्याला, जिभेला, वासाला कळत नाही. पाण्यात टाकून बघायच्या घरगुती युक्त्यांवर भरवसा ठेवू नका, शिसं त्यानं पक्कं कळत नाही.

म्हणून आमचं सांगणं असं. घरासाठी सुटी, फार भडक पूड घेण्यापेक्षा बिनापॉलिशची किंवा कमी पॉलिशची हळकुंडं घ्या. ती मातकट दिसतात, दिसू देत. धुऊन, खडखडीत वाळवून डंकावर समोर उभं राहून कांडून आणा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेता आली तर उत्तमच. ज्या गटांचा मसाल्याचा धंदा आहे, त्यांनी हळकुंड घेताना पावती घ्यावी, कुठल्या दिवशी कुणाकडून किती घेतलं ते वहीत लिहावं, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून शिशाची तपासणी करून घ्यावी. अन्नसुरक्षेची नोंदणी असलेल्या गटांना हे अवघड नाही. एकट्या गटाला खर्च जड वाटला, तर चार-पाच गटांनी मिळून एकाच ठिकाणची हळद घ्यायची आणि एक नमुना पाठवायचा.

हळदीशिवाय शिसं कुठं असतं? आपल्या भागाच्या दृष्टीनं आधी गलाईचं बोलू. खानापूर-आटपाडीची कितीतरी घरं सोन्याचांदीच्या गलाईवर उभी आहेत, देशाच्या कानाकोपऱ्यात आपली माणसं आहेत. चांदी शुद्ध करायच्या जुन्या पद्धतीत शिसं घालून तापवतात. त्याचा धूर आणि धूळ अंगावर, कपड्यांवर बसते. दुकानामागेच संसार असेल तर ती चुलीपर्यंत जाते. तुमचं कुणी त्या कामात असेल तर फोनवर एवढं सांगा: भट्टी राहत्या जागेत नको, कामाचे कपडे वेगळे आणि वेगळे धुवायचे, आंघोळ केल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही. तीच गोष्ट जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांची. इन्व्हर्टरची, ट्रॅक्टरची बॅटरी अंगणात फोडू देऊ नका, ती दुकानात परत द्या.

मारुतीचा शेंदूर हाही पारंपरिक रीतीनं शिशापासूनच करतात. देवाला लावा, पण पोरांच्या हाताला लागला तर धुऊन टाका, कपाळाला नको. बाजारचा सुरमा लहानग्यांच्या डोळ्यांत घालू नका, बऱ्याच सुरम्यात शिसं असतं. बिनालेबलचं भस्म, कुणी कितीही गुणकारी सांगितलं तरी, गरोदर बाईला आणि लेकराला देऊ नका. घराच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं नसावं असा नियम २०१७ पासून लागू आहे. जुन्या दारांचा रंग मात्र त्याआधीचा असतो. दिवाळीला तो खरवडताना पाणी मारून, ओला करून खरवडा, पोरांना लांब ठेवा.

आणि एक, जे आपल्या हातात पूर्णपणे आहे. मोठ्या माणसानं खाल्लेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग अंगात मुरतो, लहान मुलाचा जवळपास निम्मा. रक्त कमी असेल, कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, कारण भुकेलं शरीर मिळेल ते ओढून घेतं. गरोदरपणात बाईच्या हाडातून कॅल्शियम निघतं तेव्हा जुनं साठलेलं शिसंही निघून बाळाकडे जातं. म्हणून अंगणवाडीतून, आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या फडताळात ठेवू नका. दोन्ही एकदम मात्र घ्यायच्या नाहीत, वेगवेगळ्या वेळी घ्या. बाजरीची भाकरी, शेवग्याचा पाला, राजगिरा, वर लिंबू, आणि डेअरीला घालायच्या आधी घरच्या पोरांसाठी काढलेलं दूध.

मग प्रत्येक पोराचं रक्त तपासायचं का? नाही. घरात गलाईचं, बॅटरीचं काम असेल, पोराला माती-रंग खायची सवय असेल, किंवा बोलणं-चालणं उशिरा येत असेल, तर डॉक्टरांना शिशाच्या तपासणीचं आवर्जून विचारा. शिसं बाहेर काढायचं औषध असतं, पण ते प्रमाण फार वाढलं तरच आणि दवाखान्यातच देतात. 'अंगातलं विष काढतो' म्हणून पुड्या विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बऱ्याच जणी विचारतात, पोराच्या दातावर पिवळे-तपकिरी डाग आहेत, ते शिशाचे का? नाहीत. दातातलं शिसं डोळ्यांना दिसत नाही. तसले डाग बहुधा बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे असतात. एक लिटर पाण्यात ते दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं. ग्रामपंचायतीला आपल्या बोअरचा पाणी तपासणीचा कागद मागा, त्यात फ्लोराइडचा आकडा लिहिलेला असतो.