नर्सिंगला प्रवेश घेण्याआधी हप्त्याचे गणित

बारावीचा निकाल लागला की सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. पेशंटजवळ बसलेला बाप ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन आलेल्या सिस्टरना हळूच विचारतो, ‘‘सिस्टर, पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. लगेच नोकरी लागते ना?’’ सिस्टर हातातले काम न थांबवता उलट विचारतात, ‘‘काका, कुठल्या नर्सिंगला? एएनएम, जीएनएम की सहा महिन्यांचा कोर्स?’’ काकांना फरक ठाऊक नसतो. त्यांच्या खिशात एका संस्थेचे रंगीत पत्रक असते. त्यावर फी बारीक अक्षरात आणि नोकरीची हमी मोठ्या अक्षरात छापलेली असते.

हा फरक पैशाचाच आहे. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसविका, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीलाही तो करता येतो. जीएनएम तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आणि त्याला विज्ञान शाखा लागते. या तिन्हींनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि नोंदणी झालेली मुलगीच कायद्याने परिचारिका ठरते. ‘पेशंट केअर’, ‘बेडसाइड असिस्टंट’ अशा नावांच्या सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या कोर्सनंतर ही नोंदणी मिळत नाही. ते काम हलके नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची देखभाल करणारी शिकलेली बाई आज घराघरांत हवी आहे. पण त्या कोर्ससाठी नर्सिंगची फी घेणे ही फसवणूक आहे.

पगाराचा विचार करताना लोकांच्या डोळ्यांसमोर सरकारी नोकरी असते. सातव्या वेतन आयोगानुसार जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते आणि त्या पदाला एएनएम चालते. सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० पासून. वर भत्ते. मात्र ही भरती दरवर्षी निघत नाही. मधल्या काळात राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदे असतात. तिथे एएनएमला १८ हजार आणि स्टाफ नर्सला २० हजार रुपये मानधनाच्या जाहिराती अनेक जिल्ह्यांत निघाल्या आहेत. तेही मिळाले नाही तर तालुक्याचे खासगी नर्सिंग होम, आणि तिथला आकडा डॉक्टर तोंडी सांगतील तो.

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानेही महिना किमान २० हजार द्यावेत आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, अशी शिफारस समितीने केली. ती बहुतांशी कागदावर राहिली. म्हणून फीचा निर्णय घेताना सरकारी वेतनश्रेणी बाजूला ठेवावी आणि गावाजवळच्या नर्सिंग होममध्ये नव्या एएनएमला हातात किती पडतात, ते विचारून तो आकडा धरावा.

आता कर्ज. समजा, दोन वर्षांची फी, वसतिगृह, मेस, गणवेश मिळून तीन लाख लागले आणि ते बँकेने १० टक्के व्याजाने, दरवर्षी दीड लाख असे दिले. शैक्षणिक कर्जाची फेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होते. तोवर सरळ व्याज चढत राहते: पहिल्या दीड लाखावर तीन वर्षांचे ४५ हजार, दुसऱ्यावर दोन वर्षांचे ३० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच तीन लाखांचे पावणेचार झालेले असतात. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ८ हजार. दहा वर्षे घेतली तर हप्ता ५ हजारांच्या आसपास येतो, पण एकूण परतफेड सहा लाखांच्या जवळ जाते. हातात १२ हजार पडत असतील आणि ८ हजार बँकेला द्यायचे असतील, तर खोलीभाडे आणि जेवण पुन्हा बापाच्याच खिशातून. शिकत असतानाच व्याज भरत गेले तर ते मुद्दलात मिसळत नाही. पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि पुढे २,५०० रुपये. ज्या घराला हे जमते त्याने ते करावे.

निदान बँकेचे कर्ज तरी घ्यावे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत. पालक सहकर्जदार असतात. बँक संस्थेची मान्यता तपासते, हा आणखी एक फायदा. बँकेने नाही म्हटल्यावर ‘आम्हीच हप्ते पाडून देतो’ म्हणणाऱ्या संस्थेकडे मुलगी पाठवणे आणि आईचे डोरले गहाण ठेवून पहिली फी भरणे, हे प्रकार दर जूनमध्ये घडतात.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले सरकारी प्रशिक्षण केंद्र. जागा कमी, चुरस मोठी, पण फी नाममात्र. तिथला मोठा फायदा मात्र वेगळाच. तिथल्या प्रसूतिगृहात रात्रंदिवस बाळंतपणे होत असतात आणि मुलीचा हात त्यातच तयार होतो. ज्या संस्थेचे स्वतःचे रुग्णालय रिकामे आहे, तिथून प्रमाणपत्र मिळेल, पण पाचशेवर लोकवस्तीच्या दहा वाड्या सांभाळणाऱ्या उपकेंद्रात पहिल्या रात्री अडलेली बाई आली की कोर्सची खरी किंमत कळते. प्रवेशाआधी बापलेकीने संस्थेच्या प्रसूतिगृहात जाऊन महिन्याला किती बाळंतपणे होतात, हे विचारावे. उत्तर टाळले तर समजून घ्यावे.

एएनएम की जीएनएम, याचे एकच उत्तर नाही. दोन्ही पदांच्या मूळ वेतनात सुरुवातीलाच महिना ९,९०० चा फरक आहे. अतिदक्षता विभाग, मोठी रुग्णालये आणि परदेशातली नोकरी यांसाठी एएनएम सहसा पुरत नाही. तीन वर्षे पेलत असतील तर जीएनएम करावे. घरात लवकर पैसा यायला हवा असेल तर एएनएम वाईट नाही, कारण नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो. फक्त तो अभ्यासक्रम पुन्हा पूर्ण तीन वर्षांचा असतो, हे आधी सांगितले जात नाही.

पैसे भरण्याआधी संस्थेचे नाव परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत त्याच वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी आहे का, ते पाहावे. फीचे सर्व आकडे लेखी घ्यावेत, पावती घ्यावी आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्ती लागू होते का, तेही तेव्हाच विचारावे. नोकरीला लागतानाही एक गोष्ट सांभाळायची. काही रुग्णालये मूळ प्रमाणपत्रे ‘ठेवून’ घेतात आणि मग पगार कितीही कमी असला तरी मुलीला सोडून जाता येत नाही. तपासणीसाठी मूळ कागद दाखवावेत, द्याव्यात त्या फक्त छायाप्रती.