पांढरी वाळू तयार करणारा पोपटमासा

आपल्या मंडळातील काही कुटुंबे सुट्टीत लक्षद्वीप किंवा मालदीवला जाऊन येतात. तेथील पांढऱ्याशुभ्र किनाऱ्याचे फोटो आपण सर्वांनी कौतुकाने पाहिले आहेत. ही वाळू नदीने आणलेली नाही, कारण त्या चिमुकल्या बेटांवर नद्याच नाहीत. ती आहे पोवळ्यांचा व शिंपल्यांचा चुरा, आणि हा चुरा करणाऱ्यांत पोपटमासा आघाडीवर आहे.

या माशाचे पुढचे दात एकमेकांना चिकटून पोपटासारखी चोच बनते. झिजलेले दात पडतात, मागून नवे येतात. या चोचीने तो पोवळ्यांचा खडक खरवडतो. त्याला हवे असते खडकावरचे व खडकातले शेवाळ आणि सूक्ष्मजीव. घशातल्या दुसऱ्या जबड्यात खडकाचे पीठ होते, अन्नाचा अंश पचतो आणि उरलेली वाळू विष्ठेतून बाहेर पडते. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू देतो. मालदीवमधील वक्कारू बेटाभोवतीच्या प्रवाळावर तयार होणाऱ्या नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक पोपटमाशांची असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

बऱ्याच जातींत मासे आधी मादी असतात. मोठा नर नाहीसा झाला की थोरली मादी रंग बदलून नर होते. काही जाती रात्री स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोश विणून झोपतात. रक्त शोषणाऱ्या बारीक किड्यांपासून तो मच्छरदाणीसारखा बचाव करतो.

मात्र हा झोपलेला मासा भाल्याने मारणे सोपे जाते, आणि आधी मोठेच मासे मारले जातात. ते घटले की शेवाळ माजते, नव्या पोवळ्यांना रुजायला जागा उरत नाही आणि वाळूही कमी पडते. लक्षद्वीपची बेटे समुद्रापेक्षा जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. लाटा वाळू नेतच असतात. जमा थांबली आणि खर्च चालूच राहिला तर खात्याचे काय होते, हे आम्हा बँकेतल्या माणसांना सांगायला नको. हे ओळखून बेलीझने २००९ साली, तर बोनेअरने २०१० साली पोपटमासे पकडण्यावर बंदी घातली.

तेव्हा अशा बेटावर गेलात तर ताटातला मासा कोणता, हे आधी विचारून घ्या. पाण्यात उतरलात तर कान देऊन ऐका. खडकावर चोच घासल्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो.