नॉक्स: दोष कोळशाचा की आचेचा?

बंगळूरच्या उत्तरेला येलहंक्यात कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनचा 370 मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तो चालतो दाभोळ-बंगळूर वाहिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर. राख नाही, काजळी नाही. मग नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे ‘नॉक्स’, तरी कुठून येणार, असं अनेकांना वाटतं. पण ती येतातच. ज्वाळेला लागणाऱ्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो आणि आच पुरेशी चढली की तो ऑक्सिजनशी जोडला जातो. नॉक्स म्हणजे फक्त कोळशाचं पाप, हा समज इथेच मोडतो.

सिमेंटच्या भट्टीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडतं. येलहंक्यात उंच गृहसंकुलं उभी राहताहेत, पण त्यांचं सिमेंट तिथे भाजलं जात नाही. भट्ट्या असतात चुनखडीच्या पट्ट्यात: कलबुर्गी जिल्ह्यातल्या वाडी-सेडमला, किंवा आपल्या चंद्रपुरातल्या आवारपूर-गडचांदूरला. तिथे कच्चा माल सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो आणि त्यासाठी ज्वाळा 2000 अंशांच्या घरात न्यावी लागते.

मग आच थोडी कमी करा, असं सहज सुचवलं जातं. तसं केलं तर क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचा भाजलेला माल, कच्चं राहतं, चुना मोकळा उरतो आणि सिमेंटची ताकद जाते. कंट्रोल रूममधले ऑपरेटर भट्टीच्या मागच्या टोकाकडच्या वायू-विश्लेषक यंत्रावर नॉक्सचा आकडा सतत पाहत असतात, तो याचसाठी. आकडा घसरू लागला की भट्टी थंडावत असल्याची शंका घ्यायची आणि इंधन व हवेचा मेळ तपासायचा. प्रदूषणाचा हा आकडा त्यांच्या लेखी भट्टीचा तापही सांगतो!

आणखी एक समज फार पक्का आहे: धुराड्यातून धूळ दिसत नाही, म्हणजे हवा स्वच्छ. बॅगहाऊसच्या कापडी पिशव्या धुळीचे कण अडवतात, वायू त्यांतून आरपार जातो. भट्टीतून निघणारा नॉक्स बहुतांश नायट्रिक ऑक्साइड असतो आणि त्याला रंगच नसतो. पुढे हवेत तो तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, उन्हात ओझोन तयार व्हायला हातभार लावतो आणि नायट्रेटच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने दूरवर पसरतो. डोळ्यांना न दिसणारं हे प्रदूषण दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना फार जाचतं. म्हणूनच नुसत्या धुराड्याकडे पाहून निकाल देऊ नये.

उपाय आहेत. कमी नॉक्सचे बर्नर ज्वाळेच्या सर्वांत तप्त भागात ऑक्सिजन कमी पोहोचू देतात. भट्टीआधी कच्चा माल तापवणाऱ्या कॅल्सायनरमध्ये इंधन आणि हवा टप्प्याटप्प्याने सोडली, की आधी तयार झालेला नॉक्स तिथेच काही प्रमाणात मोडतो. त्याहून नेमका उपाय अमोनिया किंवा युरियाच्या द्रावणाचा. सुमारे 850 ते 1050 अंशांच्या पट्ट्यात ते फवारलं तर नॉक्सचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्याच्या वाफेत होतं. त्याहून जास्त आच असेल तर अमोनियाच जळून उलट नॉक्स वाढतो. कमी असेल तर अमोनिया वापरला न जाता धुराड्यावाटे निसटतो. जास्त फवारलं म्हणजे जास्त फायदा, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे. जागा, प्रमाण आणि तापमान तिन्ही साधावी लागतात.

कायद्याची मर्यादाही सर्वांना सारखी नाही. 25 ऑगस्ट 2014 नंतर सुरू झालेल्या भट्ट्यांना घनमीटरमागे 600 मिलिग्रॅम, त्याआधीच्या भट्ट्यांना कॅल्सायनरच्या रचनेनुसार 800 किंवा 1000. धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रं बसवणं सिमेंट कारखान्यांना बंधनकारक आहे. भट्टीजवळच्या गावांनी धूळ किती उडते एवढंच न विचारता, या यंत्रांवरचा नॉक्सचा आकडा मागावा आणि तो आपल्या कारखान्याला लागू असलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा.