दुर्मिळ समस्थानिकांच्या शलाकेची ओळख कशी पटते?

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन हा त्वरक कार्यरत आहे. त्यातून निघणारी स्थिर आयनांची शलाका 'फॅरडे कप' या धातूच्या पेल्यात अडवून तिचा विद्युतप्रवाह मोजता येतो. दुर्मिळ समस्थानिकांच्या शलाकेसाठी मात्र ही रीत अपुरी पडते.

दुर्मिळ समस्थानिकांची अणुकेंद्रे अल्पायुषी असतात. अणुकेंद्रीय अभिक्रियेतून ती निर्माण करून तत्काळ शलाकेत आणावी लागतात. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये असे अणू वायूच्या झोताने आयन-स्रोतापर्यंत नेले गेले आणि नंतर चुंबकाच्या साहाय्याने वस्तुमानानुसार वेगळे करण्यात आले. ऑक्सिजन-१४, अर्गॉन-४१, पोटॅशियम-४२ आणि पोटॅशियम-४३ यांच्या या शलाकांचा वृत्तान्त २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची तीव्रता सेकंदाला काही हजार आयन एवढीच होती.

एक पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग, एवढ्या प्रवाहासाठीही सेकंदाला साठ लाखांहून अधिक एकभारित आयन लागतात. त्यामुळे काही हजार आयनांचा प्रवाह नेहमीच्या मापकाला जाणवत नाही. म्हणून प्रथम स्थिर आयनांची तीव्र शलाका सोडून मार्ग जुळवला जातो आणि त्यानंतर दुर्मिळ आयन एकेक करून मोजले जातात.

केवळ मोजणी पुरेशी नाही. ऑक्सिजन-१४ आणि साधा नायट्रोजन-१४ यांचा वस्तुमानांक एकच असल्याने विभाजकातून दोन्ही एकत्र येऊ शकतात. अशा वेळी शलाका एका पट्टीवर अडवून जर्मेनियम डिटेक्टरने गॅमा किरण टिपले जातात. ऑक्सिजन-१४ च्या क्षयानंतर २३१३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण मिळतो, तर पोटॅशियम-४२ च्या क्षयात १५२५ चा. अर्धायुकाल ही दुसरी खूण होय. ऑक्सिजन-१४ चा अर्धायुकाल सुमारे ७१ सेकंद, तर पोटॅशियम-४२ चा सुमारे १२.४ तास आहे.

वेगवान शलाकेत पातळ व जाड सिलिकॉन डिटेक्टर एकामागे एक ठेवतात. पातळ थरात खर्च झालेली आणि जाड थरात उरलेली ऊर्जा यांवरून आयनाचे मूलद्रव्य ओळखता येते.

ताऱ्यांच्या स्फोटात जड मूलद्रव्ये कशी घडतात, हे जाणण्यासाठी अमेरिकेत मिशिगन येथे २०२२ मध्ये मोठे केंद्र सुरू झाले. मात्र शलाकेतील भेसळ ओळखता आली नाही, तर एका अणुकेंद्राचा गुणधर्म दुसऱ्याच्या नावावर नोंदला जाईल. त्यामुळे अशा प्रयोगांची विश्वासार्हता त्वरकाइतकीच डिटेक्टरवरही अवलंबून असते.