कॉर्निया प्रत्यारोपण: ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी टाके घालायला का शिकतात?

एखाद्याच्या डोळ्यात 'फूल पडले' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याच्या कॉर्नियावर पांढरा डाग आलेला असतो. कॉर्निया म्हणजे घड्याळाच्या काचेसारखा बुबुळावर बसलेला पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. पिकाचे पाते लागणे, चुना उडणे, जंतुसंसर्ग अशा कारणांनी तो कायमचा गढूळ झाला, तर चष्म्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवावा लागतो. भारतात ५० वर्षांखालील लोकांच्या अंधत्वाचे हे प्रमुख कारण असल्याचे २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले आहे.

ही शस्त्रक्रिया नेत्रशल्यचिकित्सकच करतात. ऑप्टोमेट्रिस्ट नजर तपासतात, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स देतात, डोळ्यांचे आजार ओळखून रुग्णाला पुढे पाठवतात. ते शस्त्रक्रिया करत नाहीत. मग त्यांच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यारोपणाचा सराव कशासाठी द्यायचा?

याचे उत्तर शस्त्रक्रियेनंतरच्या काळात आहे. ऑपरेशन तास-दोन तासांत संपते, पण तो डोळा पुढे आयुष्यभर सांभाळावा लागतो. त्या काळात रुग्णाची गाठ अनेकदा आधी ऑप्टोमेट्रिस्टशी पडते.

सरावात काय शिकतात?

सराव बहुधा बोकडाच्या किंवा डुकराच्या डोळ्यांवर होतो. दान मिळालेला प्रत्येक कॉर्निया रोपणासाठी योग्य नसतो. त्याच्या आतल्या थरातील पेशी पाणी बाहेर टाकून त्याला पारदर्शक ठेवतात. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्या फार कमी असतील, तर नेत्रपेढी तो कॉर्निया रोपणासाठी देत नाही. कुटुंबाची संमती असल्यास असे कॉर्निया शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी वापरता येतात.

विद्यार्थी गोल पात्याने कॉर्नियाची चकती कापतो. मग केसापेक्षाही बारीक नायलॉनच्या धाग्याने तिला टाके घालतो. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात साधारणपणे असे १६ टाके असतात. पहिले चार घड्याळातील १२, ६, ३ आणि ९ च्या जागी घालतात.

एखादा टाका जास्त आवळला गेला, की कॉर्नियाचा त्या दिशेचा बाक वाढतो. त्यावर गोल कडीचे प्रतिबिंब पाडले, तर ती लंबगोल दिसते. पुस्तकात वाचलेला 'सिलिंडर नंबर' इथे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून तयार होतो. एकदा हे घडताना पाहिले, की रुग्णाचा नंबर का बदलतो आहे आणि कोणता टाका ओढतो आहे, हे त्याला चटकन उमगते.

याचा रुग्णाला काय फायदा?

• टाके पुष्कळदा वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ ठेवतात. कोणता टाका कधी काढायचा हे शल्यचिकित्सक ठरवतात. त्यासाठी लागणारी मोजमापे बऱ्याचदा ऑप्टोमेट्रिस्ट घेतात.
• सैल झालेल्या किंवा तुटलेल्या टाक्याभोवती जंतुसंसर्ग होऊ शकतो. असा टाका वेळेत दिसला पाहिजे.
• काही रुग्णांना चष्म्याने स्पष्ट दिसत नाही. त्यांना विशेष कडक लेन्स बसवावी लागते. ती नव्या कॉर्नियावर घासणार नाही, हे पाहणे कौशल्याचे काम आहे.
• स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो, म्हणून तो नियमित मोजावा लागतो.

ही चार लक्षणे कधीही अंगावर काढू नका

आपले शरीर दुसऱ्याचा कॉर्निया नाकारू शकते. हे पहिल्या काही महिन्यांत घडू शकते, तसेच काही वर्षांनीही. पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा:

१. डोळा लाल होणे
२. उजेड सहन न होणे
३. नजर अंधूक होणे
४. डोळा दुखणे

माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे लाल डोळ्याचे रुग्ण नेहमी येतात. 'डोळे आलेत, थेंब लिहून द्या' असे ते म्हणतात. काही जण तर परस्पर मेडिकलमधून थेंब आणतात. इतरांच्या बाबतीत दोन-चार दिवस गेले, तर बहुधा फारसे बिघडत नाही. प्रत्यारोपण झालेल्या डोळ्यात मात्र तेवढ्यात आतल्या पेशी कायमच्या मरू शकतात. उपचार लगेच सुरू झाले, तर बऱ्याचदा तो कॉर्निया वाचवता येतो.

म्हणून चष्म्याच्या दुकानात, दवाखान्यात, मेडिकलमध्ये कुठेही गेलात, तरी पहिले वाक्य हेच असू द्या: 'माझ्या या डोळ्यात कॉर्निया बसवला आहे.' शल्यचिकित्सकांच्या सल्ल्याशिवाय थेंब बंद करू नका आणि नवे सुरूही करू नका. डोळा चोळू नका. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. तपासणीला जाताना सोबत न्या.

नेत्रदानाबद्दल थोडेसे

मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करा. पथक येईपर्यंत पापण्या मिटवा, त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, पंखा बंद करा आणि डोक्याखाली उशी द्या. चष्मा वापरणाऱ्यांचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांचे, मधुमेह असलेल्यांचे डोळेही दान करता येतात. कॉर्निया रोपणासाठी योग्य ठरला नाही, तर तो शिक्षणासाठी वापरायला तुमची हरकत नाही ना, हे संमतीपत्र भरताना नेत्रपेढीला सांगा. त्यावर सराव केलेला विद्यार्थी पुढे कुणाच्या तरी डोळ्यातला सैल टाका वेळेत ओळखेल.