सही करून आत या

लंडन : बारावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या घरांत सीएच्या जोडीला हल्ली अ‍ॅक्च्युअरीचे, म्हणजे विमा-पेन्शनच्या जोखमीचा हिशेब मांडणाऱ्याचे, नाव निघते, आणि पाठोपाठ प्रश्न येतात : ‘एसेट’ला किती मार्क लागतात, पेपर किती, क्लास कुठे? भारतात हे प्रश्न रास्तच आहेत, कारण इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाचे विद्यार्थी-सभासद होण्याची नेहमीची वाट त्या प्रवेश परीक्षेतून जाते. ब्रिटनमध्ये दारात अशी चाळणी नाही. १८४८ साली लंडनला आणि १८५६ साली एडिंबरोला निघालेल्या दोन संस्था २०१० मध्ये एक झाल्या. त्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्च्युअरीजकडे अर्ज करायला गणिताची पुरेशी पात्रता दाखवावी लागते आणि वर्गणी भरावी लागते. म्हणून प्रकरण सोपे समजायचे का? माझ्या मते इथली खरी अट अर्जावरच्या सहीत आहे. सभासदत्व मिळाले त्या दिवसापासून, एकही पेपर सुटलेला नसताना, विद्यार्थी संस्थेच्या आचारसंहितेखाली येतो. परीक्षेत कॉपी केली तर ते वर्गातल्या वर्गात मिटत नाही. शिस्तभंगाची चौकशी होते आणि निर्णय नावानिशी जाहीर होऊ शकतो.

विशीतल्या पोराला एवढे बांधून कशाला घ्यायचे, याचे उत्तर इक्विटेबल लाइफच्या प्रकरणात सापडते. १७६२ साली निघालेली ही संस्था शास्त्रशुद्ध आयुर्विम्याची आद्य संस्था मानली जाते. १९८८ पर्यंत विकलेल्या पेन्शनच्या पुष्कळ पॉलिसींत तिने वर्षासनाचा किमान दर कबूल करून ठेवला होता. व्याज चढे होते तोवर ती हमी नुसती कागदावर राहिली. नव्वदच्या दशकात व्याज उतरले, माणसे जास्त जगू लागली आणि कागदावरचा शब्द महाग पडू लागला. हमीचा दर मागणाऱ्यांचा अखेरचा बोनस कापून संस्थेने तोल सावरायचा प्रयत्न केला. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मोडीत काढला आणि डिसेंबरात संस्थेने नवा धंदा घेणे थांबवले. या पेशातली चूक अशी उशिरा उघडी पडते. तोवर ती करणारा कदाचित निवृत्तही झालेला असतो, आणि त्याची मार्कशीट बहुधा उत्तमच असते.

यावर कुणी म्हणेल, इक्विटेबलमध्ये परीक्षा आणि संहिता दोन्हींतून तावूनसुलाखून निघालेलेच फेलो, म्हणजे पूर्ण पात्र सभासद, होते ना? होते. सरकारने नेमलेल्या सर डेरेक मॉरिस यांच्या २००५ च्या अहवालाने पेशाच्या स्वतःवरच्या देखरेखीवरच बोट ठेवले, आणि तांत्रिक मानके ठरवण्याचे काम फायनान्शियल रिपोर्टिंग कौन्सिलकडे गेले. संहिता शिल्लक राहिली, पण तिच्यावर बाहेरचा पहारा बसला.

याहून वजनदार आक्षेप पैशाचा आहे. इथला विद्यार्थी बहुधा आधी नोकरीला लागतो; वर्गणी, परीक्षेची फी आणि अभ्यासाची रजा कंपनी देते, त्याने केलेले हिशेब वरिष्ठ तपासतात. फेलो व्हायलाही हा कामाचा अनुभव नोंदवावा लागतो. नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजातल्या मुलीला हा सगळा खर्च घरातून करायचा, आणि नोकऱ्या मुंबई-पुणे नाहीतर बंगळुरू-गुरुग्रामला. तिच्यासाठी दारातली चाळणी उपकारकच आहे : गणित झेपत नसेल तर ते एका परीक्षेच्या फीत कळते. मात्र चाळणीतून उतरल्यावर क्लास बदलून पुढच्या पेपरला बसण्याआधी, आपले काम तपासणारा कुणी कधी मिळणार, हे तिने विचारायला हवे. लंडनच्या सभासदत्वाचा मोह असेल तर आणखी एक पाहावे. भारतातल्या विमा कंपनीत नियुक्त अ‍ॅक्च्युअरी म्हणून सही करायला भारतीय इन्स्टिट्यूटचीच फेलोशिप लागते; २००६ च्या कायद्याने ती संस्था वैधानिक झाली आहे. आणि अशा सहीमागच्या हिशेबाचे दुसरे टोक थेट निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत निघते. हवामान आधारित फळपीक विम्यात बागायतदार सर्वसाधारणपणे विमा रकमेच्या ५ टक्के हप्ता भरतो, बाकीचा बहुतेक भार सरकार उचलते. पण एकूण दर निघतो तो पाऊस आणि तापमानाच्या जुन्या नोंदींवरून. किमान तापमानाचा ट्रिगर, म्हणजे भरपाई लागू होण्याची मर्यादा, एखाद्या अंशाने खाली बसला, तर घड गारठूनही बागायतदाराच्या खात्यात छदाम जमा होत नाही.