चौरागडाची वाट

पिपरिया स्टेशनावरून पचमढीस निघालेला रस्ता घाट चढण्यापूर्वी मटकुली या गावी क्षणभर थबकतो. तामिया-छिंदवाड्याकडून येणारी, म्हणजेच पर्यायाने नागपूरची, वाट त्याला येथेच मिळते. इंदूर-भोपाळची मंडळी एका अंगाने येतात ती हवा पालटण्यासाठी; विदर्भातील मंडळी दुसऱ्या अंगाने येतात ती महादेवासाठी. दोघेही मराठी, परंतु एकमेकांची गाठ क्वचितच पडते, कारण पहिल्यांचा ऋतू उन्हाळ्याचा व दिवाळीच्या सुटीचा, तर दुसऱ्यांचा महाशिवरात्रीचा, आणि श्रावणातील नागद्वारीच्या यात्रेचा.

आम्ही मात्र महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी गेलो. पचमढीत उतरण्यास जागा नव्हती, म्हणून मटकुलीस एका कुटुंबाने चालविलेल्या साध्या उताऱ्यात मुक्काम केला. चार खोल्या, पुढे ओटा, मागे चुलीवर तापणारे पाणी आणि रात्री गरम पोळ्या, तुरीचे वरण व वांग्याचे भरीत. मालक हिंदीभाषी; पण वर्षानुवर्षे यात्रेकरूंना पाणी तापवून देता देता त्याने आपली अशी एक मराठी घडविली आहे. तिचे व्याकरण तपासण्याची आमची व्यावसायिक खोड आम्ही तेवढ्यापुरती आवरली.

आमच्याबरोबर वहिनी होत्या. आमच्या थोरल्या बंधूंनी चौरागडी त्रिशूळ वाहण्याचा नवस बोलला होता. तो फेडण्यापूर्वीच ते गेले. आमचे घराणे मूळचे अमरावतीकडील. तीन पिढ्यांपूर्वी इंदुरात आले, त्याबरोबर हा देवही आला. लोहाराकडून घडवून घेतलेला हातभर त्रिशूळ दोन वर्षे देवघरात उभा होता. वहिनींचे वय अडुसष्ट, गुडघे त्याहून वयस्कर.

पहाटे निघून घाट चढलो. मालव्यात राहणाऱ्यास डोंगर म्हटला की काळा पत्थर आठवतो. येथील खडक मात्र वालुकाश्म, तांबूस-पिवळा, वीस कोटी वर्षांहून जुना. पाण्याने त्यात खोल दऱ्या व गुहा कोरल्या आहेत. खाली सागवान आणि वर पठारावर साल, असे दोन वृक्षांचे राज्य येथे एकमेकांस भिडते. याच रानात १८५८ साली तात्या टोपे नर्मदा ओलांडून आले होते, आणि इंग्रजांशी झुंजलेले येथील जहागीरदार राजा भभूतसिंह यांचे नाव पचमढीचे लोक आजही आदराने घेतात. जेम्स फॉर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७१ सालच्या पुस्तकामुळे पचमढी साहेबलोकांस ठाऊक झाली, हे खरे. परंतु ती ‘शोधून काढली’ असे म्हणणे आम्हांस रुचत नाही. कोरकू आणि गोंड तेथे होतेच, व महादेवही होता.

मोटार बडा महादेवापाशी थांबते. तेथील गुहेत पाणी अखंड पाझरते. भस्मासुराच्या भयाने शंकर याच डोंगरात लपले, अशी कथा. तेथून शिखरापर्यंत साडेतीन किलोमीटरांच्या आसपास चाल आणि तेराशेच्या घरात पायऱ्या. शिखराची उंची सुमारे १,३०० मीटर, म्हणजे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर जे धूपगड (१,३५२ मीटर), त्याहून थोडीच कमी. धूपगडावर जीप माथ्यापर्यंत जाते. चौरागडास पायांवाचून दुसरे वाहन नाही. नरसिंहपूर जिल्ह्यातील चौरागड किल्ला, जेथे १५६४ साली राणी दुर्गावतीचा पुत्र वीरनारायण लढताना पडला, तो निराळा. नामसाम्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. या चौरागडास नाव मिळाले ते चोरा नावाच्या तपस्व्यावरून असे सांगतात. त्यास प्रसन्न होऊन देव आपला त्रिशूळ तेथे ठेवून गेले, म्हणून भक्त त्रिशूळ वाहतात.

वाटेवर त्रिशूळांची रांगच लागली होती. कोणाचा बोटाएवढा, कोणाचा दोन पुरुषांनी खांद्यावर तोललेला. जागोजागी लिंबूपाण्याच्या टपऱ्या, आणि त्यांखाली उतारावर प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच. वाघांसाठी राखलेल्या अरण्यात देवाच्या नावाने हा कचरा टाकणाऱ्यांत आपली माणसेही थोडी नाहीत, हे लिहिताना संकोच वाटतो. पण लिहिले पाहिजे.

अर्ध्या वाटेवर वहिनी बसल्या. पाय सुजले होते. परत फिरावे, असे आम्ही सुचविले. त्या काही बोलेनात. नातीने, वय वर्षे पंधरा, त्यांचे पाय चेपावयास घेतले आणि म्हणाली, “दादी, अब रहने दो ना.” शेजारी विसावलेल्या एका वऱ्हाडी बाईंनी ते ऐकले.

“कोन्या गावचे व्हय माय तुमी?”

“इंदूरच्या. मूळच्या अमरावतीकडच्या,” वहिनी म्हणाल्या.

“मंग ही पोरगी अशी काऊन बोलते?”

यावर देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही मराठीचे एम. ए., आणि घरातील नात आजीशी हिंदीत बोलते. वहिनींनी त्या बाईंना नवसाची हकीकत सांगितली. दुसऱ्याने त्रिशूळ नेला तर चालेल काय, एवढेच त्यांना विचारायचे होते.

“नवस मानसाचा नसते माय, घराचा असते. माह्या सासऱ्याचा म्या फेडला. दे त्या पोरीजवळ.”

वहिनींनी बराच वेळ त्रिशूळ मांडीवर धरला, मग नातीच्या हाती दिला. त्यांच्यापाशी सूनबाई थांबल्या. आम्ही नातीबरोबर वर गेलो.

शिखरावर मंदिराभोवती हजारो त्रिशूळ एकावर एक टेकलेले आहेत. जुन्यांना गंज चढला आहे, नव्यांवर शेंदूर ओला आहे. चहूकडे दऱ्या, पश्चिमेकडे धूपगड. नातीने त्रिशूळ टेकविला व आमच्याकडे पाहिले. “काय म्हणायचं?” तिने विचारले, आणि मराठीत विचारले. “कोणाचा नवस ते सांग,” आम्ही म्हणालो. तिने आजोबांचे नाव, आडनाव, मग अडखळत “अमरावतीचे, इंदूरचे” असे म्हटले.

उतरताना पाय थरथरतात आणि तोल जातो, तेव्हा काठी हवीच. वहिनी होत्या तेथेच बसलेल्या होत्या. त्या वऱ्हाडी बाई केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. त्यांचे गाव विचारावयाचे राहिले, म्हणून वहिनी हळहळत होत्या. नातीने वरच्या त्रिशुळांचे वर्णन आरंभले, निम्मे हिंदीत, निम्मे मराठीत. वहिनींनी तिला एकदाही अडविले नाही. सूर्य धूपगडाआड कलला होता, आणि अंधारापूर्वी खाली पोहोचावयाचे होते, तेव्हा आम्ही वहिनींना दोन्ही बाजूंनी धरून उठविले.